आफ्रिका सफारीसाठी बॅग कुठली घ्यावी : शिकाऱ्यांच्या यादीवर जाऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे की घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ ऑगस्टमध्ये बायको आणि ६८ वर्षांच्या वडिलांना घेऊन केनिया-टांझानियाला चाललेत, मसाई मारा आणि सेरेंगेटी. कॅमेरा आहे, १५०-६०० मिमीची लेन्स आहे, घरात २८ इंची कडक ट्रॉली पडून आहे. नेटवर त्यांना एका अमेरिकन शिकाऱ्याने परदेशी शिकारीच्या ट्रिपसाठी केलेली सामानाची मोठी यादी सापडली आणि त्यात हार्ड केस घ्याच असं ठासून लिहिलंय, तर आता महागडी हार्ड केस घ्यावी, ट्रॉली न्यावी की डफल, म्हणजे मऊ कापडाची लांबट बॅग, असं ते विचारतायत.

मी नेरूळला राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून फोटोग्राफीचे छोटे ग्रुप घेऊन आफ्रिकेत जातो, त्यामुळे हा प्रश्न मला दर सीझनला येतो, शब्द वेगळे असतात एवढंच. आणि दरवेळी मला वाटतं की माणूस बॅग विचारतोय पण अडचण बॅगेची नाहीये. अडचण ही आहे की एकाच ट्रिपमध्ये टप्प्याटप्प्याला सामानाचे वेगवेगळे नियम लागतात आणि आपण फक्त पहिला वाचतो, मुंबई-नैरोबी तिकिटावरचा. त्यावर भरपूर किलो दिसतात, माणूस खूश होतो, ट्रॉली भरतो. मग नैरोबीच्या विल्सन विमानतळावर माराला जाणारं छोटं विमान समोर येतं आणि तिथला माणूस सांगतो की माणशी १५ किलो, हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ पाहिजे.

तर आधी तुमचा कार्यक्रम कागदावर काढा आणि त्यातला सगळ्यात अरुंद टप्पा कुठला ते शोधा. बॅग त्या टप्प्याची घ्यायची, बाकीच्या सगळ्या टप्प्यांत ती आपोआप बसते. हे तुमच्या बुकिंगवर अवलंबून आहे म्हणून मी सरसकट सांगत नाही. नैरोबीहून माराला रस्त्याने लँड क्रूझरमधून जाणार असाल तर १५ किलोचा प्रश्नच येत नाही, फक्त गाडीत तिघांच्या बॅगा, तुम्ही, ड्रायव्हर आणि पाण्याचे क्रेट एवढं बसायला पाहिजे. विमानाने जाणार असाल तर गोष्टच वेगळी. ऑपरेटरला एक मेल टाका आणि तीनच गोष्टी लेखी विचारा, देशांतर्गत फ्लाइट आहे का, असेल तर किती किलो आणि हँडबॅग धरून की सोडून, आणि तिघांचं वजन एकत्र धरतात का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण एकत्र धरत असतील तर तुमच्याकडे ४५ किलो झाले, बाबांची बॅग ८ किलोत बसते आणि उरलेलं तुमच्या लेन्सला मिळतं. वजन अगदीच जास्त असेल तर काही कंपन्या सामानासाठी जादा सीट विकतात, ती बुकिंगच्या वेळीच घ्यावी लागते, विमानतळावर ऐनवेळी मिळेल याची खात्री नसते.

मऊ बॅगच का, तर या मार्गावर बरीच विमानं सेसना कॅरॅव्हॅन असतात, एका इंजिनाची, आणि त्यांचं सामान बऱ्याचदा पोटाखाली लावलेल्या पॉडमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात जातं. तो पॉड उथळ असतो. डफल दाबून, वाकवून आत सरकवता येते, २८ इंची कडक ट्रॉली वाकत नाही, विषय संपला. विल्सनवरचा माणूस तुमच्यावर उपकार म्हणून ती घेऊ शकत नाही, घ्यायची इच्छा असली तरी.

आता शिकाऱ्याच्या यादीबद्दल. ती यादी चुकीची नाहीये, ती दुसऱ्या कामाची आहे. रायफल विमानातून न्यायची तर कुलूपबंद कडक केसमध्येच न्यावी लागते, काडतुसं वेगळी पॅक करावी लागतात आणि तीही साधारण माणशी ५ किलोपर्यंतच, आणि सगळं चेक-इनमध्ये, म्हणून तो बिचारा हार्ड केसचं पुराण लावतो. शिवाय ही मंडळी बहुतेक नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जातात, टांझानियातही शिकार चालते पण ठरवून दिलेल्या वेगळ्या भागांत, सेरेंगेटीसारख्या नॅशनल पार्कात नाही. केनियात तर शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, त्यामुळे आपल्या लोकांना या याद्यांची पार्श्वभूमी माहीत नसते आणि 'आफ्रिका' शब्द दिसला की सगळं सारखंच वाटतं. तुमची लेन्स म्हणजे रायफल नाही, ती चेक-इनला टाकायचीच नाहीये, मग तिला कडक पेटी कशाला? पेलिकन कंपनीची १५१० ही हार्ड केस घेतलीत तर रिकामी पेटीच ५ किलोच्या वर भरते. पंधरातले पाच पेटीलाच गेले, आणि वर ती मऊ नाही.

त्या यादीतला कॅमोफ्लाज तर अजिबात नको. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदेशीर आहे, झिम्बाब्वे, झांबिया ही उघड उदाहरणं, आणि केनियातही त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. हौसेने घेतलेली ती चट्ट्यापट्ट्याची टोपी घरी ठेवा. जड हंटिंग बूटही नकोत, शिकारी दिवसदिवस पायी चालतो, तुम्ही दिवसाचे आठ-दहा तास गाडीत बसणार आणि पार्कात ठरलेल्या जागा सोडून खाली उतरूच देत नाहीत. एक बंद बूट पायात आणि कॅम्पवर घालायला सँडल, बास. पण दोन गोष्टी मात्र शिकाऱ्यांकडून घ्या, मळखाऊ रंग आणि एकावर एक चढवायचे पातळ थर.

डफल बघताना काय बघायचं ते सांगतो. ब्रँडवर जाऊ नका, स्टेशन रोडच्या बॅगवाल्याकडेही चांगली मिळते आणि डिकॅथलॉनमध्येही, पण दुकानात उभं राहून चेन चार वेळा कोपऱ्यावरून फिरवा, अडली तर ठेवून द्या. भरलेल्या डफलची चेन कोपऱ्यावरच जाते. दुसरं, हँडलचा पट्टा बॅगेच्या पोटाखालून पूर्ण फिरून आलेला असावा, फक्त वरच्या कापडाला टाके मारलेले नकोत, कारण एअरस्ट्रिपवर लोक ती एका हँडलने उचलून फेकतात. ४० ते ६० लिटर पुरे होते. ९० लिटरची घेतलीत तर ती तुम्ही भरणारच, रिकामी जागा कुणाला बघवत नाही आपल्या घरात, कोणीतरी चिवड्याचा डबा कोंबतंच. रिकामं वजन दीड किलोच्या आत पाहिजे. दुकानात काटा नसेल तर हुकाचा छोटा वजनकाटा आधीच विकत घ्या आणि सोबतच न्या, नाहीतरी पॅकिंगला लागणारच आहे.

चाकांची डफल घ्यावी का हा बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न असतो. चाकांसोबत खाली कडक पाट आणि दांडा येतो, किलो-दीड किलो तिथेच जातं आणि पॉडमध्ये अडायची शक्यता वाढते. छोटं विमान नसेल आणि तुमची पाठ कुरकुरत असेल तर खुशाल चाकं घ्या. तुमच्या बाबतीत मात्र एक बॉर्डर मध्ये येते. माराहून सेरेंगेटीला नकाशात बघितलं तर काय, पलीकडेच आहे, पण तिथून थेट जाता येत नाही, रस्त्याने इसेबानियाच्या बॉर्डर नाक्याला वळसा घालून जावं लागतं आणि साधारणपणे बॉर्डरवर केनियाची गाडी तुम्हाला सोडते आणि टांझानियाची गाडी घेते. म्हणजे इमिग्रेशन करून बॅगा स्वतः किंवा पोर्टरच्या मदतीने पलीकडे न्यायच्या. बाबांना तिथे दोन्ही हात मोकळे पाहिजेत, त्यांच्या खांद्याला फक्त छोटी पिशवी. म्हणून तीन मध्यम बॅगांपेक्षा तुमची एक, बायकोची एक आणि बाबांची अगदी लहान, अशी विभागणी करा. आणि सगळ्यांच्या डफल खाकी किंवा काळ्याच असतात, एअरस्ट्रिपवर एका रांगेत टाकल्या की ओळखू येत नाहीत, जुन्या साडीच्या काठाची पट्टी हँडलला घट्ट बांधा. लांबून दिसते.

घरातली ट्रॉली फेकायची नाही. परत त्याच नैरोबीच्या हॉटेलात येणार असाल तर ट्रॉली तिथे ठेवून डफल पुढे नेता येते, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, आधी विचारून घ्या. पण परतीचं विमान टांझानियातून असेल तर हा बेत मोडतो.

आता वजनाचा हिशोब, कारण इथेच खरी मारामारी आहे. १५०-६०० लेन्स सिग्माची हलकी कंटेम्पररी असो की टॅमरॉनची, साधारण दोन किलो. कॅमेऱ्याची बॉडी पाऊण किलोच्या आसपास. दुसरी बॉडी आणि छोटी झूम धरली तर सव्वा-दीड किलो, बॅटऱ्या, चार्जर, कार्ड, हार्ड डिस्क मिळून एक किलो, लॅपटॉप दीड किलो आणि कॅमेऱ्याची पाठीवरची बॅग स्वतः दीड-दोन किलो. झाले आठ ते पावणेनऊ, नऊच धरा. उरले सहा, त्यातून डफलचं स्वतःचं सव्वा किलो गेलं. म्हणजे कपडे, औषधं, दाढीचं सामान सगळं पावणेपाच किलोत. होतं, विश्वास ठेवा, पण लॅपटॉप नेणार की नाही हा निर्णय घरी घ्या, विल्सनला नाही. माझं मत सरळ आहे, लॅपटॉप सोडा, जादा कार्ड घ्या. संध्याकाळी कॅम्पवर फोटो बघण्यापेक्षा बॅटऱ्या चार्जला लावून झोपलेलं बरं, सकाळी सहाला निघायचं असतं.

लॅपटॉपच्या जागी दुर्बीण घ्या, आणि तिघांत एक नको. एक दुर्बीण असली की ती कायम तरुण माणसाच्या हातात राहते आणि म्हातारा माणूस "कुठाय, कुठाय" करत बसतो, तोवर बिबट्या गवतात गेलेला असतो. तुमच्या डोळ्याला कॅमेऱ्याची लेन्स लागलेलीच आहे, दुर्बीण बायको आणि बाबांसाठी एकेक. ८x४२ ची सातशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि बाबांच्या हातात जड वाटली तर ८x३२ बघा, हलकी असते. दहाची पॉवर घेऊ नका, हात थरथरतात तेव्हा चित्र पण थरथरतं.

ट्रायपॉड घरी. सफारीच्या गाडीत छत वर उचललेलं असतं, लेन्स त्या कडेवर टेकवायची, त्यासाठी बीनबॅग, म्हणजे लेन्सखाली ठेवायची दाणे भरलेली छोटी उशी लागते आणि ती रिकामी न्यायची. कोपऱ्यावरच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून जाड कापडाची शिवून घ्या, एका बाजूला चेन, आणि तिकडे पोचल्यावर ड्रायव्हरला सांगून तांदूळ किंवा बीन्स भरून घ्या. केनियात बीन्स भरपूर आणि स्वस्त, निघताना कॅम्पच्या किचनला देऊन टाकायच्या. आपले लोक इथून दोन किलो तांदूळ भरून नेतात तेव्हा मला काही बोलवत नाही.

बॅटऱ्यांचा नियम नीट वाचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, केबिनमध्येच, आणि सुट्या बॅटरीच्या टोकांवर टेप किंवा प्लास्टिकची टोपी लावा. १०० वॉट-अवरपर्यंत नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी, त्यावर नाहीच. पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणा आणि हजारने भागा, २०,००० ची म्हणजे ७४ वॉट-अवर, चालते. काही स्वस्तातल्या पॉवर बँकांवर आकडा पुसलेला असतो, त्या सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. केनियात इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, त्याचे दोन अडॅप्टर घ्या आणि एक आपला साधा एक्स्टेंशन बोर्ड, कारण तंबूत सॉकेट एक आणि चार्ज करायला सहा वस्तू असतात. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय केनियात चालत नाही आणि पार्कात प्रश्नच नाही.

धुळीबद्दल. ऑगस्टमध्ये तिकडे कोरडं असतं, एक गाडी पुढे गेली की मागच्या गाडीत सगळं लाल. महागडं डस्ट कव्हर लागत नाही, जुना सुती उशीचा अभ्रा कॅमेऱ्यावर लेन्ससकट घालून ठेवायचा, प्राणी दिसला की ओढून काढायचा. दोन बॉडी न्यायचं कारणही हेच, गाडीत लेन्स बदलायची वेळच येऊ नये. दुसरी बॉडी नसेल तर नवीन घेऊ नका, भाड्याने मिळते.

कपड्यांत सगळ्यांचा एकच गैरसमज, आफ्रिका म्हणजे उकाडा. नैरोबी समुद्रसपाटीपासून १७०० मीटरच्या आसपास आहे आणि माराही जवळपास तेवढ्याच उंचीवर, जुलै-ऑगस्टच्या पहाटे दहा-बारा डिग्री असतात आणि त्यात उघड्या छताची गाडी. बाबांना माकडटोपी आणि स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट. कार्यक्रमात टांझानियातलं गोरोंगोरो विवर असेल तर त्याच्या कड्यावरची उंची २३०० मीटरच्या घरात आहे, तिथे अजून गार. दुपारी मात्र टी-शर्टवर बसता येतं, म्हणून जाड कोट नको, पातळ थर. तीन जोड्या पुरतात कारण बहुतेक कॅम्प कपडे धुऊन देतात, फक्त आतले कपडे काही ठिकाणी घेत नाहीत, ते स्वतः धुवायचे, मग वाळायला वेळ लागणारी जीन्स आणि जाड बनियन कशाला? टांझानियात काही भागांत त्सेत्से माशी असते, ती निळ्या-काळ्या रंगावर येते आणि शर्टावरून चावते, तेव्हा नेव्ही ब्लू शर्ट घरी, मातकट किंवा फिका हिरवा घ्या. नवीन खाकी ड्रेस शिवायची गरज नाही, कपाटात असतात हे रंग.

आता खास आपल्या सवयीबद्दल. कपडे दुकानाच्या प्लास्टिकच्या कव्हरात, चपला कॅरीबॅगेत, तेलाची बाटली दोन पिशव्यांत, असं आपलं पॅकिंग असतं. केनियात प्लास्टिक कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि टांझानियात जून २०१९ पासून, दंड जबरदस्त आहे. ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा उतरायच्या आधी रिकामी करा. त्याऐवजी भाजीच्या जाळीच्या कापडी पिशव्या वापरा, आतलं दिसतं, वजन नसल्यासारखं असतं, पॅकिंग क्यूबचे पैसे वाचतात. पार्कात एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही केनियात चालत नाहीत, माणशी एक स्टीलची बाटली न्या.

खाण्याचं फार नेऊ नका. चपाती आणि चहा केनियात सगळीकडे, भाजी मिळते, बीन्स मिळतात, नैरोबीत गुजराती मंडळी पिढ्यान्पिढ्या राहतायत. बाबांसाठी मेतकूट आणि थोडा कोरडा खाऊ, सीलबंद पुड्यात. तंबूत उघडा ठेवू नका, व्हर्व्हेट माकडं चेन उघडतात, हे गमतीने सांगत नाहीये.

बाबांची बीपीची वगैरे औषधं दोन भाग करून ठेवा, एक त्यांच्या खांद्याच्या पिशवीत आणि एक तुमच्या हँडबॅगेत, डफलमध्ये एकही नाही. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. आणि यलो फीव्हरचं बघा, हे आजच करा. केनियाहून भारतात परत येताना लसीचं सर्टिफिकेट मागतात, लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनची पाळी येऊ शकते, आणि टांझानियाच्या बॉर्डरवरही विचारतात. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस द्यायची की नाही हे डॉक्टरने बघून ठरवायचं असतं, तुमच्या बाबांना आधी फॅमिली डॉक्टरकडे न्या, मग लसीच्या केंद्राची अपॉइंटमेंट. त्यांना लस नको असं ठरलं तर काय कागद लागतील ते तिथेच विचारा, कारण त्यावर तुमचा सगळा कार्यक्रम बदलू शकतो, बॅग ही त्यानंतरची गोष्ट आहे. लसीचं सर्टिफिकेट म्हणजे ते पिवळं कार्ड, ते पासपोर्टच्याच पाऊचमध्ये.

पॅकिंग झाल्यावर एक रंगीत तालीम करा. ऑगस्टमध्ये खाडीवर फ्लेमिंगो नसतात त्यामुळे ऐरोलीला जाऊन उपयोग नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसा, काच खाली करा, बॅगेतून कॅमेरा काढून समोरच्या कावळ्यावर फोकस करून बघा. बायको आणि बाबा शेजारी बसलेले पाहिजेत, एकट्याने केलं तर काही कळत नाही. बॅग पायात येते का, चेन कुठल्या बाजूला उघडते, बाबांच्या गुडघ्याला लेन्स लागते का, सगळं दहा मिनिटांत समजतं. मग सगळ्या बॅगा हुकाच्या काट्यावर लावा आणि १३ किलोवर थांबा, दोन किलो मोकळे ठेवा, येताना कॉफी आणि लाकडी जिराफ येतातच.

निघायच्या दिवशी इथे धो धो पाऊस असणार, डफल वॉटरप्रूफ नसेल तर आतून एक जाड रेनकोटचं कापड घाला आणि घोडबंदरचं ट्रॅफिक धरून मुंबई विमानतळाच्या टी-२ ला नेहमीपेक्षा तासभर आधी निघा, कारण तुम्हाला कस्टम्सच्या काउंटरवर एक काम आहे. महाग कॅमेरा आणि लेन्स नेताना तिथे सीरियल नंबर दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, म्हणजे परत येताना ही वस्तू बाहेरून विकत आणली का हा वाद होत नाही. बिलांच्या प्रती आणि सीरियल नंबरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सामान चेक-इनला देण्याआधी काउंटर कुठे आहे ते विचारा, वस्तू प्रत्यक्ष बघायला मागतात.

ऑपरेटरच्या मेलचं उत्तर आलं की सगळ्या टप्प्यांचे किलो आणि तुमच्या लेन्सचं मॉडेल लिहा, मग डफल किती लिटरची ते नक्की सांगतो. तोवर हार्ड केसची ऑर्डर दिली असेल तर रद्द करा.